बिछायत केंद्राची लाल वही कॉम्प्युटरवर गेली, तर नेमकं काय बदलतं?

लग्नाची तारीख ठरली की बुलढाणा जिल्ह्यात दोन फोन लगेच जातात. एक आचाऱ्याला, दुसरा बिछायत केंद्राला.

मंडप, खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, गंज, कढया, पराती, पाण्याचे ड्रम हे सगळं भाड्यानं देणारं दुकान. कुठे त्याला बिछायत केंद्र म्हणतात, कुठे किराया भंडार, तर कुठे मंडप डेकोरेशन. लग्न असो, तेरवी असो, भागवत सप्ताह असो की शेतातला रोडग्यांचा कार्यक्रम, या दुकानाशिवाय पान हलत नाही.

अशी कित्येक दुकानं आजही एका लाल वहीवर चालतात. कोणी काय नेलं, किती दिवसांसाठी नेलं, ॲडव्हान्स किती दिला, बाकी किती राहिली, सगळं त्या वहीत. आणि जे वहीत नाही ते मालकाच्या डोक्यात.

आता मालकाची पुढची पिढी म्हणते, 'हे सगळं कॉम्प्युटरवर टाकू.' सरकारही त्याच दिशेने चाललंय. जून 2022 मध्ये केंद्राने देशातल्या 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्था, म्हणजे आपल्या गावातल्या सोसायट्या, संगणकावर आणण्यासाठी 2,516 कोटींची योजना मंजूर केली. सोसायटीला सॉफ्टवेअर सरकारकडून मिळतं. बिछायतवाल्याला मात्र स्वतःच ठरवावं लागतं. काय घ्यायचं, कसं घ्यायचं आणि जुन्या वहीचं काय करायचं?

त्यात मधल्या काळात दोन कायदे बदललेत. एक पुराव्याचा, दुसरा लोकांच्या माहितीचा. या दोन्हींचा या छोट्या दुकानाशी थेट संबंध येतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

वहीत अडचण काय आहे?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वही वाईट नाही. लाइट गेली तरी ती चालते. चार्जिंग लागत नाही. खाडाखोड केली तर दिसते. कोणाचं अक्षर आहे ते ओळखू येतं. आणि गिऱ्हाईक त्यावर सही करू शकतो.

वहीची अडचण वेगळीच आहे. ती एकाच पद्धतीने शोधता येते. वही तारखेनुसार लिहिली असेल तर तारखेनुसार सापडतं. नावानुसार लिहिली असेल तर नावानुसार सापडतं. पण भाड्याच्या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हे दोन्ही नाहीत. तो प्रश्न असतो, 'भाऊ, 22 तारखेला 200 खुर्च्या मिळतील का?'

एक उदाहरण घेऊ. समजा दुकानात एकूण 500 खुर्च्या आहेत.

पहिली ऑर्डर आहे 300 खुर्च्यांची, 20 ते 22 एप्रिल.
दुसरी ऑर्डर आहे 150 खुर्च्यांची, 22 ते 23 एप्रिल.

आता तिसऱ्या गिऱ्हाइकाला 22 एप्रिलला 200 खुर्च्या हव्यात. मालक वहीत 22 तारखेचं पान उघडतो. तिथे फक्त 150 ची ऑर्डर दिसते, कारण 300 ची ऑर्डर 20 तारखेच्या पानावर लिहिलेली आहे. मालकाला वाटतं, 350 खुर्च्या मोकळ्या आहेत. तो 'हो' म्हणतो, ॲडव्हान्स घेतो.

22 तारखेला प्रत्यक्षात काय होतं? 300 अधिक 150 अधिक 200, म्हणजे 650 खुर्च्यांची मागणी आणि दुकानात 500. दीडशे पाहुणे उभे. मग शेजारच्या दुकानातून जास्त भाड्यानं माल आणा, गाडीभाडं सोसा आणि वरून बोलणी खा.

विक्रीच्या दुकानात हा प्रश्न येत नाही. तिथे वस्तू एकदा विकली की गेली. भाड्याच्या दुकानात तीच खुर्ची जाते, येते, धुतली जाते आणि परत जाते. म्हणजे इथे वस्तूसोबत दिवसही मोजावे लागतात. लग्नाचे मुहूर्त मोजकेच असल्याने एकाच तारखेवर सगळ्यांच्या उड्या पडतात. तिथेच वही कमी पडते आणि मालकाच्या डोक्यावर भार येतो.

मग डेटाबेस म्हणजे काय?

जुन्या मुनीमजींना डेटाबेस समजावून सांगायला दोन शब्द पुरतात. रोजकीर्द आणि खतावणी.

रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे लिहायचे. नंतर तेच व्यवहार उचलून प्रत्येकाच्या खात्यावर मांडायचे, ती खतावणी. एकच व्यवहार दोनदा लिहायचा, कारण तो दोन पद्धतींनी शोधता यावा.

डेटाबेसमध्ये व्यवहार एकदाच लिहायचा. खतावणी कॉम्प्युटर मागाल तेव्हा करून देतो. नावानुसार मागा, तारखेनुसार मागा, गावानुसार मागा, वस्तूनुसार मागा. माहिती तीच, पण पाहण्याच्या बाजू हव्या तेवढ्या.

ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 मध्ये मांडली. तो आयबीएम कंपनीत काम करत होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, तक्ते एकमेकांना जोडा आणि ती कशी शोधायची ही चिंता माणसावर टाकू नका. आज बँका, रेल्वे आरक्षण आणि असंख्य सरकारी नोंदी याच कल्पनेवर चालतात.

बिछायत केंद्राला मोजून सहा तक्ते पुरतात.

1. गिऱ्हाईक: नाव, गाव, मोबाईल नंबर.
2. वस्तू: खुर्ची, गादी, कढई, एकूण नग, आजचा दर.
3. ऑर्डर: कोणाची, कधीपासून कधीपर्यंत.
4. ऑर्डरमधला माल: कोणत्या ऑर्डरमध्ये कोणती वस्तू, किती नग, कोणत्या दराने.
5. परत आलेला माल: किती आले, किती तुटले, किती हरवले.
6. जमा: कधी, किती, रोख की यूपीआय.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या तक्त्यामुळे वर सांगितलेला 22 एप्रिलचा घोळ मिटतो. कॉम्प्युटर प्रत्येक दिवसासाठी एकच गोष्ट तपासतो. ज्या ऑर्डरची सुरुवात त्या दिवशी किंवा त्याआधी आहे आणि शेवट त्या दिवशी किंवा त्यानंतर आहे, त्या सगळ्या ऑर्डरींची बेरीज करायची आणि एकूण नगातून वजा करायची. 22 तारखेला उत्तर येतं, 50 खुर्च्या शिल्लक. 23 तारखेला येतं, 350 शिल्लक. गिऱ्हाईक फोनवर असतानाच हे सांगता येतं.

तीन खाचखळगे, जे सॉफ्टवेअर विकणारा सांगत नाही

पहिला म्हणजे दर. समजा मागच्या वर्षी खुर्चीचं भाडं 6 रुपये होतं आणि यंदा 8 केलं. ऑर्डरमध्ये दर लिहिलाच नसेल आणि प्रत्येक बिल 'वस्तू' तक्त्यातला आजचा दर उचलत असेल, तर मागच्या वर्षीची सगळी जुनी बिलंही आपोआप 8 रुपयांनी निघतील. ज्याने 300 खुर्च्यांचे 1,800 रुपये देऊन खातं मिटवलं, त्याच्या नावावर अचानक 600 रुपये बाकी दिसेल. म्हणून ऑर्डर घेतली त्या दिवशीचा दर त्या ऑर्डरसोबतच लिहून ठेवायचा. वहीत ही चूक होऊच शकत नाही, कारण शाई बदलत नाही. कॉम्प्युटरमध्ये होते.

दुसरा खळगा तुटफुटीचा. 300 खुर्च्या गेल्या, 291 परत आल्या. 9 चे पैसे घेतले किंवा सोडले, तो भाग वेगळा. पण दुकानात आता 500 नाहीत, 491 आहेत. हा आकडा कमी केला नाही तर कॉम्प्युटर हंगामभर 500 च सांगत राहील. कॉम्प्युटरला गोदाम दिसत नाही. त्याला फक्त लिहिलेलं दिसतं. म्हणून वर्षातून निदान एकदा प्रत्यक्ष नग मोजणं चुकत नाही.

तिसरा खळगा नावांचा, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्याचंच नाव आहे. कोणी बुलढाणा लिहितं, कोणी बुलडाणा. माणसाला दोन्ही एकच वाटतं. कॉम्प्युटरला ही दोन वेगळी गावं आहेत. तेच माणसांच्या नावांचं. एका गावात एकाच नावाचे तीन जण निघतात आणि एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलं जातं. म्हणून गाव टाइप करायला ठेवू नये, यादीतून निवडायला ठेवावं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खाते नंबर द्यावा.

याला जोडूनच फॉन्टचा मुद्दा येतो. छपाईच्या दुकानांत वापरतात तसल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये नोंदी केल्या तर त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत भलतीच अक्षरं साठवली जातात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर त्या वाचता येत नाहीत, शोधताही येत नाहीत. नोंदी युनिकोडमध्येच हव्यात. मोबाईलवर आपण जे मराठी टाइप करतो ते युनिकोडच असतं.

एक्सेल चालणार नाही का?

सुरुवातीला चालेल. मोजक्या ऑर्डरी असतील तर छान चालेल. पण एक्सेल म्हणजे हिशेबाचा कागद आहे, डेटाबेस नाही. त्यात कोणीही कुठलाही रकाना पुसू शकतो, तारखेच्या जागी नाव लिहू शकतो आणि एक्सेल तक्रार करत नाही.

याचा सगळ्यात गाजलेला फटका इंग्लंडला बसला. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं की कोरोनाच्या 15,841 पॉझिटिव्ह केसेस अधिकृत आकड्यांत आल्याच नव्हत्या. कारण? एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये 65,536 च ओळी बसतात. त्यापुढच्या नोंदी आत आल्याच नाहीत आणि ते कोणाला कळलंही नाही.

बिछायत केंद्राच्या ओळी तेवढ्या होणार नाहीत. पण त्यातून धडा असा, की नोंद नीट बसली नाही तर अडवणारी व्यवस्था हवी. डेटाबेस ते करतो. गिऱ्हाईक न निवडता ऑर्डर घेऊ देत नाही, 31 एप्रिल ही तारीख स्वीकारत नाही.

खर्चाचं म्हणाल तर डेटाबेससाठी पैसे लागतीलच असं नाही. एसक्यूलाइट हा डेटाबेस 2000 पासून मोफत उपलब्ध आहे आणि अँड्रॉइड फोनच्या आत तोच काम करत असतो. दुकानाचा सगळा हिशेब त्याच्या एकाच फाइलमध्ये बसतो. लिब्रेऑफिस बेस हेही मोफत आहे. खर्च होतो तो ते मांडून देणाऱ्या माणसाचा, आणि जुन्या नोंदी भरण्याच्या वेळेचा.

जुन्या नोंदी भरताना सातबारा आठवा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याला तो कोणी शिकवायची गरज नाही.

महाराष्ट्रात हाताने लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवले गेले तेव्हा काय झालं? कुठे नाव चुकलं, कुठे क्षेत्र चुकलं, कुठे एखादा हिस्सेदार गळाला. कागदावर बरोबर होतं, कॉम्प्युटरवर चुकलं. आणि लोकांना चालू सातबारा कॉम्प्युटरचाच मिळू लागला. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी तहसील कार्यालयाच्या चकरा सुरू झाल्या. 'एकशे पंचावन्नची केस' हा शब्द गावोगाव माहीत झाला.

यावर सरकारने काढलेला एक उपाय मात्र चांगला होता. 2017 मध्ये चावडी वाचनाची मोहीम झाली. कॉम्प्युटरवरचा सातबारा गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा आणि ज्याची जमीन त्याच्याकडून चूक आहे का ते विचारायचं.

बिछायत केंद्राने हेच करायला हवं. दहा वर्षांच्या सगळ्या वह्या भरत बसायची गरज नाही. एक तारीख धरायची. त्या दिवशी कोणाकडे किती बाकी आहे, कोणाकडे कोणता माल आहे, पुढच्या कोणत्या ऑर्डरी आहेत, एवढंच भरायचं. आणि प्रत्येक बाकीदाराला ती रक्कम एकदा सांगून 'बरोबर आहे ना?' असं विचारायचं. हेच दुकानाचं चावडी वाचन.

नाहीतर काय होईल? 1,500 च्या जागी 15,000 टाइप होईल, ते खरं मानून वसुलीचा मेसेज जाईल, आणि वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटेल. बिछायतीचा धंदा ओळखीवर चालतो. मोठ्या मुलीच्या लग्नाला ज्याच्याकडून माल घेतला, त्याच्याकडूनच धाकटीच्या लग्नाला घेतात.

हे काम करायला वेळ कोणती? आषाढी एकादशी ते तुळशी विवाह. या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात. तेव्हा भरून घ्यायचं, आणि पुढचा एक पूर्ण हंगाम वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचं. दर आठवड्याला दोन्हीकडची बाकी जुळवायची. सलग जुळत राहिली तरच कॉम्प्युटरवर विसंबायचं.

कोर्टात काय चालतं, वही की कॉम्प्युटर?

समजा बाकी बुडाली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा कॉम्प्युटरच्या नोंदीला किंमत आहे का?

आहे, पण अर्धी. आणि वहीलाही अर्धीच आहे.

1 जुलै 2024 पासून देशात भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. 1872 चा जुना पुरावा कायदा गेला. नव्या कायद्याचं कलम 28 सांगतं की धंद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या नोंदी, इलेक्ट्रॉनिक असल्या तरी, कोर्टात विचारात घेता येतात. पण केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणं लादता येत नाही. जुन्या कायद्यातही कलम 34 मध्ये हेच होतं.

यामागचं कारण साधं आहे. माझ्या वहीत मी तुमच्या नावावर काहीही लिहू शकतो. तुम्ही ते मान्य केलंय याचा दुसरा पुरावा हवा.

जैन डायरी प्रकरण आठवतं का? बड्या नेत्यांच्या नावांच्या नोंदी असलेल्या त्या डायऱ्या. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात दोन गोष्टी सांगितल्या. बांधलेली वही म्हणजे 'बुक', सुटे कागद म्हणजे नव्हे. आणि नोंद वहीत असली तरी स्वतंत्र पुराव्याशिवाय ती पुरेशी नाही. तिथे प्रश्न कोट्यवधींचा होता, इथे काही हजारांचा. नियम तोच.

आता कॉम्प्युटरची बाजू. यातला मोठा निकाल आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातून आलाय. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा 296 मतांनी पराभव केला. खोतकरांनी उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावर वाद झाला आणि पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण समोर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै 2020 मध्ये न्यायालयाने ठासून सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच.

नव्या कायद्यात ही तरतूद कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा अंगठा बदलतो.

म्हणजे नुसती प्रिंट काढून 'हे बघा साहेब, कॉम्प्युटरमध्ये बाकी आहे' असं म्हणून चालत नाही.

मग छोट्या दुकानदाराने काय करायचं? माल गाडीत चढताना कॉम्प्युटरवरून मालाची पावती काढायची. त्यावर खुर्च्या 300, गाद्या 40, कढया 4 असं सगळं आणि तारीख. गिऱ्हाइकाची सही घ्यायची. माल परत आल्यावर त्याच पावतीवर परत आलेले नग आणि बाकी रक्कम लिहून पुन्हा सही घ्यायची. एक प्रत त्याला, एक आपल्याला. ही सहीची पावती म्हणजे कलम 28 ला हवा असलेला दुसरा पुरावा.

या सहीचा आणखी एक फायदा आहे. पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे 3 वर्षांच्या आत करावा लागतो. पण ही मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार 3 वर्षं तिथून पुन्हा मोजली जातात. कॉम्प्युटरमधल्या आकड्याला ही ताकद नाही. कागदावरच्या सहीला आहे.

यूपीआयची नोंद इथे मदतीला येते, पण तीही अर्धीच. कोणी, कधी, किती पाठवले हे ती सांगते. कशासाठी पाठवले, पूर्ण पैसे की ॲडव्हान्स, हे सांगत नाही. म्हणून प्रत्येक यूपीआय जमेसमोर ऑर्डर नंबर लिहायचा.

गिऱ्हाइकाची माहिती कोणाची?

आता दुसरा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे 2027 पर्यंत.

यातली गंमत बघा. हा कायदा डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीला. लाल वही त्यात येत नाही. म्हणजे ज्या दिवशी वहीतली नावं आणि नंबर कॉम्प्युटरवर चढतात, त्या दिवशी दुकानदार या कायद्याच्या कक्षेत येतो.

घाबरून जायचं कारण नाही. पण तीन सवयी आत्ताच लावता येतात.

एक, लागेल तेवढीच माहिती घ्या. नाव, गाव, नंबर पुरतो. जात, जन्मतारीख कशाला हवी?

दोन, आधारच्या फोटोंचा ढीग करू नका. मोठ्या मालासाठी काही दुकानदार ओळख म्हणून आधारचा फोटो मागतात आणि तो व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं पडून राहतो. आधारचीच मास्क्ड प्रत मिळते, तिच्यात फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात. तेवढी पुरते. माल परत आला की तीही पुसून टाका.

तीन, नंबरांची यादी कोणाला देऊ नका. कोणाच्या घरी कधी लग्न आहे ही माहिती फोटोग्राफरला हवी असते, बँडवाल्याला हवी असते, आणि त्या दिवशी कुलूपबंद घर शोधणाऱ्या चोरालाही हवी असते. वही दुकानातून बाहेर जायची नाही. फाइल एका क्लिकवर जाते.

कॉम्प्युटर बंद पडला तर?

वहीला वाळवी लागते, पाऊस लागतो. कॉम्प्युटरची हार्डडिस्क एका सकाळी उठतच नाही. वही भिजली तर निम्मी वाचता येते. हार्डडिस्क गेली तर बहुतेक वेळा सगळंच जातं.

यासाठी जगभर वापरला जाणारा नियम आहे 3-2-1 चा. माहितीच्या 3 प्रती, 2 वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली 1 दुकानाबाहेर. दुकानातला कॉम्प्युटर, एक पेन ड्राइव्ह आणि एक ऑनलाइन प्रत, झाले तीन. पण प्रत घेतली म्हणजे काम झालं असं नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघायची. जी उघडत नाही ती प्रत नाहीच.

आणि ऐन हंगामात लाइट जाते, हे गृहीत धरून पुढच्या सात दिवसांच्या ऑर्डरींची यादी रोज संध्याकाळी कागदावर छापून भिंतीला लावायची. हमालांना आणि ड्रायव्हरला तीच यादी कामाला येते.

सॉफ्टवेअर तयार विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा. 'उद्या तुमची सेवा बंद केली तर माझी सगळी माहिती साध्या फाइलमध्ये मला परत मिळेल का?' उत्तर गोलमोल आलं तर समजा, तुमची वही दुसऱ्याच्या कपाटात ठेवायला दिली आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे.

मग करायचं की नाही?

वर्षाला पंधरा-वीस ऑर्डरी असतील तर वही आणि भिंतीवरचं मोठं कॅलेंडर पुरतं. फक्त ऑर्डर सुरुवातीच्या तारखेलाच न लिहिता माल बाहेर असलेल्या प्रत्येक तारखेच्या चौकटीत लिहा. वरचा 22 एप्रिलचा घोळ एवढ्यानेही टळतो. फुकटात.

ऑर्डरी वाढल्या, एका दिवशी चार-पाच ठिकाणी माल जायला लागला, उधारी आठवेनाशी झाली, तर डेटाबेसशिवाय पर्याय नाही. उलाढाल वाढली तर आणखी एक कारण आहे. सेवा देणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाखांची आहे. ती ओलांडली की हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात.

आणि सगळ्यात मोठं कारण पैशांचं नाहीच. अशा दुकानांचा अर्धा हिशेब मालकाच्या डोक्यात असतो. कोणाला सूट द्यायची कबूल केली, कोणाचे 20 गंज अजून यायचेत, कोणाच्या मुलाच्या लग्नाची तारीख तोंडी धरून ठेवली. मालक आजारी पडला किंवा गेला, तर घरच्यांच्या हातात एक वही उरते जिची खूण फक्त त्यालाच कळत होती. देणारे गप्प बसतात आणि मागणारे दारात येतात. नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी झाली, तर त्या घराचं नुकसान टळतं.

म्हणून कामाची वाटणी अशी करा. मोजणं, शोधणं आणि तारखा जुळवणं कॉम्प्युटरला द्या. सही कागदावर राहू द्या. आणि जुन्या लाल वह्या रद्दीत घालू नका. त्यातल्या प्रत्येक बाकीचा निकाल लागेपर्यंत त्या कपाटात असू द्या.

तुमच्या गावातल्या बिछायत केंद्राचा हिशेब अजून वहीवर चालतो का? मग पुढच्या वेळी खुर्च्या परत करायला जाल, तेव्हा परत केलेले नग मोजून पावतीवर लिहून घ्या. दुकान वहीवर असो की कॉम्प्युटरवर, ती पावती तुमच्याही कामाची आहे.